पाव्हणं, तुमची किती गुंठं जाणार?

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर घाईघाईत द्यायला नको वाटलं, म्हणून लिहितेय. तू म्हणालीस, गेल्या जुलैत कोल्हापूरला आजोबा आणि वडणग्याचे काका हद्दवाढीवरून एवढे कडाकडा भांडले की शेजारचे गॅलरीत आले, आणि तासाभरानं तेच काका भर पावसात आजोबांच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेले. इकडे लीड्सला निवडणुकीवरून एकदा वाजलं, तर रूममेट महिनाभर बोलत नाही. मग आपली मराठी माणसं खोटं भांडतात, की खोटं गोड बोलतात?

भांडण खोटं नव्हतं, एवढं आधी सांगते. हद्दवाढ म्हणजे काय ते तुला तेव्हा कुणी धड सांगितलंच नाही. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ साली महापालिका झाली, पण हद्द होती तिथंच अडकून पडली. शहराला वाढायला जागा नाही, म्हणून आजूबाजूची गावं महापालिकेच्या हद्दीत घ्या अशी मागणी, हीच हद्दवाढ. आजूबाजूच्या गावांत कॉलन्या उभ्या राहिल्या, तिथली माणसं कामाला, बाजाराला, शाळेला शहरात येतात आणि घरफाळा मात्र ग्रामपंचायतीत भरतात, असं पेठेतल्या माणसाचं म्हणणं. गावं म्हणतात, तुम्हाला आहे तेवढं शहर सांभाळता येईना, आमच्या जमिनीवर डोळा कशाला? दोन्हीकडच्या कृती समित्या, दोन्हीकडचे मोर्चे आणि बंद. २०१७ ला मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं विकास प्राधिकरण काढलं, त्यानं ना शहर खूश झालं ना गावं.

आजोबा जन्मापासून शिवाजी पेठेत, दाजींचा, म्हणजे तुझ्या काकांचा, ऊस वडणग्यात. म्हणजे सासरा हद्दीच्या आत आणि जावई बाहेर. त्या दिवशी आजोबा म्हणाले, "केएमटीची बस तुमच्या दारात येती, मार्केट आमचं वापरता, आन् घरफाळा म्हटलं की गाव येगळं व्हय?" दाजी म्हणाले, "मामा, आधी पेठेतलं ड्रेनेज बघा, मग आमच्या गावात या." पुढचं तू ऐकलंसच. आजीनं आतून "आता गप बसा, जेवायला या" म्हणून हाक मारली. आपल्याकडं बहुतेक घरांत विषय तिथंच मिटतो, आणि खरं सांगायचं तर मिटत नाही, नुसता झाकला जातो. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. मला तो आळस वाटतो.

पण तू वर झोपायला गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही. आजोबांनी पानाचा डबा उघडला आणि आवाज खाली आणून विचारलं, "पाव्हणं, तुमची किती गुंठं जाणार?" टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं वाद चाललाय, पण हे विचारलंच नव्हतं. दाजींनी कागद मागितला. मी आजीच्या किराण्याच्या यादीची पाठकोरी बाजू दिली. त्यावर त्यांनी रस्ता काढला, ओढा काढला, आपला तुकडा काढला आणि म्हणाले, हद्दीत गेलो की विकास आराखडा येणार, आराखड्यात या तुकड्यावर बागेचं नाहीतर रस्त्याचं आरक्षण पडलं की झालं. विकता येत नाही, बांधता येत नाही, मोबदला कधी मिळेल याचा भरवसा नाही. घरफाळ्याचं तर त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. मग दाजींनी उलट विचारलं, "मामा, तुम्हाला एवढी घाई कशाची?" आजोबा म्हणाले, पोरं पुण्याला जातात, परत येत नाहीत. शहर वाढलं तर निधी येईल, कामं येतील. बोलताना माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी, पण मला काय कळायचं ते कळलं.

मत कुणाचंच बदललं नाही हं. आजोबा आजही हद्दवाढ झालीच पाहिजे म्हणतात. फक्त तुझा मामा सांगत होता, परवा कट्ट्यावर कुणीतरी "गाववाले फुकटे" असं काही बोललं, तर आजोबाच म्हणाले, "फुकटं न्हाईत. त्यांची जमीन हाय." एवढाच फरक. मला तो पुष्कळ वाटतो.

यावरून कोल्हापूर म्हणजे फार थोर, असं समजू नकोस. ईर्षा आपल्या पाण्यातच आहे. पेठापेठांतला फुटबॉल असो नाहीतर ग्रामपंचायत, हार कुणाला पचत नाही. जिल्ह्यात कितीतरी गावांत दोन-दोन, तीन-तीन दूध संस्था आहेत. दूध जास्त आहे म्हणून नाही, गट जास्त आहेत म्हणून. गट वेगळा म्हणून सख्ख्या भावाच्या पोरीच्या लग्नाला न गेलेली माणसं मी बघितलीत. २०१५ ला कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या, त्यांच्या मतांना उत्तर द्यायचं सोडून. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवायला लागलं. त्या दिवशी आजोबांचा फोन लागेना तेव्हा मी इथं बर्मिंगहॅममध्ये नुसती येरझाऱ्या घालत होते.

आणि याच गावात शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधात सर्वपक्षीय कृती समिती होती. निवडणुकीत एकमेकांचं डिपॉझिट जप्त करायला निघालेली माणसं एका मांडवात बसली, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. टोल गेला आणि दुसऱ्या दिवसापासून परत आपापल्या पक्षात. मला यात काही ढोंग दिसत नाही.

तू पुढं असंही म्हणालीस की समोरच्याला समजून घेत बसलं की आपणच मवाळ ठरतो. शाहू महाराजांचं बघ. २६ जुलै १९०२ चा तो जाहीरनामा, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या समाजांसाठी. (महाराज तेव्हा इंग्लंडमध्येच होते, तुझ्या-माझ्या आत्ताच्या मुलखात.) यात मवाळ काय आहे? बड्या बड्या लोकांशी त्यांनी उघड वैर घेतलं. पण सगळ्यांसाठी एकच वसतिगृह आधी चालवून बघितलं, तिथं सगळ्या जातींची पोरं येऊन राहीनात, तेव्हा हट्ट धरला नाही. १९०१ पासून एकेका समाजाचं वेगळं बोर्डिंग उभं केलं. जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगं आजही दसरा चौकाच्या आसपासच आहेत. याच्यानं जाती घट्ट झाल्या अशी टीका होते, ती अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या त्याच्या चुलीची भीती ओळखली, म्हणून पोरं शिकायला गावाबाहेर पडली.

आता तुझी रूममेट. तिच्या घरच्यांनी ज्या पक्षाला मत दिलं तो आपल्यासारख्यांना परत पाठवा म्हणतो, म्हणून तू चिडलीस. बरोबर चिडलीस. पण तू मला तिच्या पक्षाबद्दल अर्धा तास सांगितलंस आणि तिच्याबद्दल एकच वाक्य: तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला. कधी पडला, मग घर कसं चाललं, तिला काय वाटतं, विचारलंस का? तिच्या वडिलांचं मत म्हणजे तिचंच मत, हे तरी कशावरून? वाद जिंकायला म्हणून विचारू नकोस, ते लगेच कळतं. तुलाही तुझं सांगता आलं पाहिजे: व्हिसाच्या रांगेत आम्ही काय काय ऐकलंय, शाळेत तुला काय म्हणायचे. तेही तिला माहीत नसणार. ती नको म्हणाली तर मागं लागू नकोस.

आणि तिनं तोंडावर "तू जा परत" म्हटलं, तर खोली बदलायचा अर्ज कर. दाजींचा ऊस आणि आजोबांची पेठ यांत दोघांनाही दुसऱ्यानं इथं राहायला हवंच आहे. ते जिथं नाही, तिथं तू समजून घेत बस असं मी सांगणार नाही. मला फोन कर, रात्री कितीही वाजलेले असू देत.

तुझी,
आई