हेलियम कशाशीच संयोग करत नाही, मग अणुभट्टीतलं पोलाद तो खराब कसा करतो?

तुमचा प्रश्न असा, की हेलियम ना गंज आणतो ना पेट घेतो, मग अणुभट्टीवाले त्याची एवढी धास्ती का घेतात? मी बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगच्या तपासणीचं काम करतो आणि हा विषय आवडीने वाचत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

हेलियम निष्क्रिय आहे म्हणूनच नडतो. तो धातूत जवळजवळ विरघळत नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने धातूचे अणू जागेवरून उडतात. मागे उरलेल्या रिकाम्या जागा बहुतेक वेळा लगेच पुन्हा भरतात. पण हेलियमचा अणू अशा जागेत शिरला की तिथेच ठाण मांडतो. आणखी रिकाम्या जागा येऊन मिळतात आणि बुडबुडा होतो. एका ठराविक आकारापुढे तर नवा हेलियम न मिळताही तो नुसत्या रिकाम्या जागा गिळत वाढतो, आणि अख्खं पोलाद फुगतं. डाउनरे इथल्या ब्रिटिश अणुभट्टीतल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या सापडल्याचं 1967 साली प्रसिद्ध झालं.

आमच्याकडचा ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये वायूमुळे राहिलेली पोकळी, धातू ओततानाच पडतो आणि मशीनिंगला लावलं की उघडा होतो. अणुभट्टीत मात्र भाग बनतो तेव्हा निर्दोष असतो, वायू नंतर आतच जन्मतो, आणि बुडबुडे काही नॅनोमीटरचे.

हा वायू येतो कुठून, हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, आणि नैसर्गिक निकेलपैकी सुमारे 68 टक्के निकेल-58 हा समस्थानिक असतो. त्याने एक मंद न्यूट्रॉन गिळला की निकेल-59 होतं. त्याने आणखी एक गिळला की ते अल्फा कण, म्हणजे हेलियमचं केंद्रकच, बाहेर टाकून लोह-56 बनतं. निकेल-59 साठायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला हेलियम थोडा निघतो आणि पुढे वेग वाढत जातो. बोरॉन-10 मात्र एकाच न्यूट्रॉनवर हेलियम देतं, पण पोलादात ते असतं अगदी थोडं.

जास्त तापमानाला बुडबुडे ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांमधल्या सीमेवर, जमतात आणि ताण आला की धातू तिथूनच उकलतो. जुन्या अणुभट्टीतल्या भागांची वेल्डिंगने दुरुस्ती करताना हीच अडचण येते. दहा लाख अणूंमागे एखाद-दुसरा हेलियमचा अणू असला तरी नेहमीच्या वेल्डिंगला तडे जाऊ शकतात. उष्णतेने बुडबुडे वाढतात, आणि जोड थंड होताना आकसतो तेव्हा बाउंड्री फाटते. वेल्डर कितीही कसलेला असो, तडा टळेलच असं नाही.

यावरचा उपाय मला फार पटतो: हेलियम काढता येत नाही, तर तो विखरून ठेवायचा. पोलादात टायटॅनियम कार्बाइडचे किंवा यिट्रियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असले की हेलियम त्यांच्याभोवती लाखो ठिकाणी थोडाथोडा अडकतो, आणि कोणताच बुडबुडा घातक आकाराला पोचत नाही. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीसाठी (वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या) निवडलेल्या डी-9 पोलादात टायटॅनियम घातलंय. फ्यूजनमध्ये, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढताना, प्रश्न आणखी बिकट, कारण तिथले 14 एमईव्हीचे, म्हणजे फार जास्त ऊर्जेचे, न्यूट्रॉन लोखंडातूनही भरपूर हेलियम काढतात.

शेजारच्या कैगा अणुवीज केंद्राबद्दलही विचारलंत. तिथल्या चारही अणुभट्ट्या जडपाण्याच्या आहेत. त्यांच्या दाबनळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, आणि झिर्कोनियममध्ये हेलियम फारच कमी तयार होतो.