पहिली ऐतिहासिक प्रेमकथा लिहिताना

तुमच्या पहिल्या प्रेमकथेची नायिका म्हणजे पुण्याहून वाईला जाऊन नव्याने उभी राहणारी विधवा, ही तुम्ही कळवलेली कल्पना चांगली आहे. पण नुसता ‘जुना काळ’ चालणार नाही, आधी साल पक्कं करा. १८९७ घेतलंत तर प्लेग तिला पुण्याबाहेर काढेल. प्लेगचे रोगी शोधणाऱ्या घरझडत्या आणि स्टेशनावरची तपासणी आयतीच मिळेल. प्रवास वाठारपर्यंत रेल्वेने, पुढे टांग्याने.

सगळ्यात जास्त वेळ कायद्याला द्या. विधवाविवाहाला १८५६ पासून मान्यता होती, पण त्याच कायद्यानुसार पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. प्रेम की डोक्यावरचं छप्पर, हा पेच तयारच आहे. मग दुष्ट दीर कशाला हवा?

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- गाव बदललं की भूतकाळ पुसला जातो असं धरणं. छोट्या गावात आडनाव, जात, माहेर पहिल्याच दिवशी विचारतील.
- नायक-नायिकेला तिसऱ्या प्रकरणातच एकांत देणं. त्यांना कृष्णेच्या घाटावर, कीर्तनात, लोकांदेखत भेटवा. चोरट्या दोन वाक्यांत जास्त रंगत येते.
- पत्रांची उधळण. पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे, पण ते कुणीही वाचू शके. त्याचा उपयोग करा!
- पैशांचा गोंधळ. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे.

वाचायला सध्या १८८५चं सातारा गॅझेटियर, म्हणजे त्या जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पुरे. संवादांची जुनी भाषा दुसऱ्या खर्ड्यात बघू. आधी पहिली तीन प्रकरणं लिहून काढा.