अमेरिकेत अकरावीतल्या मुलीला फी न भरता उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव घेता येईल का?

होय, फी न भरता, उलट विद्यावेतन मिळवून तुमच्या मुलीला उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम करता येईल, आणि घरचे उत्पन्न बेताचे व आवड रसायनशास्त्राची असेल तर तुम्ही सर्वप्रथम अमेरिकन केमिकल सोसायटी या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेचा ‘प्रोजेक्ट सीड’ पाहावा. १९६८ पासून चालणारा हा उपक्रम मुळातच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील शाळकरी मुलांसाठी आहे आणि त्याची उत्पन्नमर्यादा कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार, सरकारी दारिद्र्यरेषेच्या पटीत ठरते. साधारण आठ ते दहा आठवडे विद्यार्थी एखाद्या विद्यापीठातील, कंपनीतील वा सरकारी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष चालू असलेल्या संशोधनात सहभागी होतो: द्रावणे तयार करणे, मोजमापे घेणे, फसलेला प्रयोगही वहीत तारखेनिशी नोंदवणे आणि शेवटी अहवाल किंवा पोस्टर मांडणे. विद्यावेतनाला मी फार महत्त्व देतो, कारण ज्या मुलांना सुट्टीत दुकानात काम करून घराला हातभार लावावा लागतो, त्यांना केवळ फीमाफी पुरत नाही. मात्र हा निवासी कार्यक्रम नसल्यामुळे घरून रोज ये-जा करता येईल इतक्या अंतरावर केंद्र असणे आवश्यक आहे. तसे नसल्यास एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या विद्यापीठाचा ‘माइट्स समर’ पाहावा. तेथे शिक्षण, निवास आणि जेवण विनामूल्य असते, परंतु तो प्रामुख्याने अभ्यासवर्गांचा कार्यक्रम आहे आणि त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. केंद्रांची यादी आणि अर्जाची मुदत हिवाळ्यातच तपासावी, कारण उन्हाळा जवळ येईपर्यंत जागा भरलेल्या असतात.