बीबीसीवरचं 'व्यंग' आणि 'पक्षपात': शब्द कोणते घ्यावेत?

एका ताईंनी विचारलंय की बीबीसीवरच्या राजकीय सटायरबद्दल, म्हणजे राजकारणाची खिल्ली उडवणाऱ्या टीकेबद्दल, लेख लिहितेय, 'सरकारी वाहिनीच्या व्यंगातला पक्षपात' असं शीर्षक दिलंय, बरोबर वाटतं का. ताई, मला तर यातले 'व्यंग', 'सरकारी' आणि 'पक्षपात' हे तिन्ही शब्द बदलावेसे वाटतात.

आधी 'व्यंग'. हा हिंदीतून आलाय, आणि तिथे तो मुळात 'व्यंग्य' आहे, म्हणजे सरळ न बोलता सुचवलेलं. मराठीतला 'व्यंग' म्हणजे वि अधिक अंग, अंगातली उणीव, आपण शारीरिक व्यंग म्हणतो ना तोच. 'व्यंगचित्र' आपल्याकडे पक्कं रुजलंय म्हणून नुसतं 'व्यंग' पण चालेल असं वाटतं, पण 'वाहिनीचं व्यंग' वाचलं की मराठी माणूस वाहिनीत काय खोट आहे ते शोधायला लागतो.

मग विडंबन म्हणावं का? विडंबनाला समोर एक मूळ नमुना लागतो, एखादी कविता किंवा एखाद्या पुढाऱ्याची बोलायची ढब, तिची नक्कल करून गंमत आणायची. सटायरमध्ये हे असतं पण फक्त हेच नसतं. आणि या शब्दाचं सख्खं भावंड म्हणजे 'विटंबना', पुतळ्याची विटंबना झाली की गावं बंद होतात. एकाच मुळातून हसवणारा शब्दही निघाला आणि अपमानाचाही, आणि सटायरवरची बहुतेक भांडणं या दोघांच्या मधल्या जागेतच होतात, म्हणून मला ही जोडी फार मोलाची वाटते. उपरोध म्हणजे खड्ड्यात आपटल्यावर 'वा, काय रस्ता केलाय' म्हणणं, तो एकेका वाक्यात असतो. अख्ख्या कार्यक्रमासाठी मी 'उपहास' घेईन, राजकीय उपहास.

'सरकारी' तर काढाच. बीबीसी मुख्यतः टीव्ही लायसन्सच्या, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी घरटी भरायच्या वार्षिक फीच्या, पैशावर चालते; एप्रिल २०२४ पासून वर्षभर ती १६९.५० पौंड होती. रक्कम सरकार ठरवतं हे खरं, पण पैसे बघणारा भरतो. आपल्याला 'सरकारी' पटकन सुचतो कारण आपण दूरदर्शन-आकाशवाणी बघत-ऐकत वाढलो, आणीबाणीत तर लोक ऑल इंडिया रेडिओला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणायचे, आणि या दोघांना स्वायत्त करणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला तरी अंमलात यायला १९९७ उजाडलं. तो अनुभव आपला आहे, तो तिकडच्या संस्थेला चिकटवू नये.

आता 'पक्षपात', यातच खरी गोम आहे. मराठीत पक्ष म्हणजे बाजूही आणि पार्टीही, त्यामुळे शब्द वाचताच 'कुठल्यातरी पार्टीला झुकतं माप दिलं' हे सिद्ध झाल्यासारखंच वाटतं. पण उपहास सत्तेत असलेल्यालाच जास्त लागणार, त्याला लगेच पक्षपात कसं म्हणायचं? 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा बीबीसीचा उपहासाचा कार्यक्रम नोव्हेंबर १९६२ ला सुरू झाला तेव्हा ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षवाले सत्तेत होते, साहजिकच मार त्यांना जास्त बसला. तरी ऑक्टोबर १९६३ मध्ये त्याच पक्षाचे डग्लस-होम पंतप्रधान झाले तेव्हा कार्यक्रमाचा सूत्रधार डेव्हिड फ्रॉस्टने त्यांना मठ्ठ आणि विरोधी नेते हॅरल्ड विल्सन यांना अतिशहाणे, असं एका दमात दोघांनाही फटकारलं. त्याच डिसेंबरअखेर कार्यक्रम बंद झाला, कारण दिलं की १९६४ हे निवडणुकीचं वर्ष आहे. 'द मॅश रिपोर्ट' या बीबीसीच्याच अलीकडच्या उपहासाच्या कार्यक्रमाला तर बीबीसीवरच काम करणाऱ्या पत्रकार अँड्र्यू नील यांनी २०१८ मध्ये डाव्यांचा प्रचार म्हटलं होतं, २०२१ ला तो बंद झाला तेव्हा बीबीसीने मात्र नव्या विनोदी कार्यक्रमांना जागा करायचीय असं सांगितलं.

म्हणून इंग्रजी 'बायस'साठी 'पक्षपात'ऐवजी 'एकांगीपणा' घ्या. 'कल' पण सुचला होता, पण राजकारणाच्या वाक्यात 'कल' आला की आपल्याला मतमोजणीच आठवते. आणि पुढे 'आरोप' शब्द नक्की घाला, कारण हा वाद अजून मिटलेला नाही आणि शीर्षकातच निकाल देऊन टाकणं त्या कार्यक्रम करणाऱ्यांवर अन्याय होईल. मी असं लिहीन: 'लोकांच्या पैशावरची वाहिनी, तिथला राजकीय उपहास आणि एकांगीपणाचा आरोप'. लांब आहे, पण छापायला जागा कमी असेल तर 'बीबीसीचा उपहास एकांगी आहे का?' एवढंही पुरेल.