घटस्फोट झाल्यावर पोटगी मागता येते का?

हो. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही अर्ज करता येतो, आणि तो नवराही करू शकतो. पण उशीर करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात.

खरा घोळ होतो तो मालमत्ता-उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रात. ते दोघांनाही द्यावं लागतं. ‘घरखर्च 20,000’ असं मोघम लिहिलं की उलटतपासणीत आकडा टिकत नाही. भाडं, किराणा, औषधं, फी वेगवेगळी लिहा, बँक स्टेटमेंट जोडा. स्वतःचं उत्पन्न लपवू नका, पुढचं सगळंच संशयास्पद ठरतं.

परिस्थिती बदलली तर मासिक रक्कम बदलून मागता येते. पुनर्विवाह झाल्यास ती कमी किंवा रद्दही होऊ शकते. संमतीने घटस्फोट घेतला असेल, तर आधी संमतीच्या अटी वकिलाला दाखवा.