हात सहा आठवड्यात जुळला, मग आजीचा गुडघा का नाही?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे. सायकलवरून पडून त्याचा हात मोडला होता, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि आता क्रिकेट पण सुरू झालं. सासूबाईंचा गुडघा मात्र चार वर्षं दुखतोय, डॉक्टर म्हणतात गादी झिजलीय ती परत भरून येणार नाही. आता याच्या पुस्तकात ऊतींचे, म्हणजे एकच काम मिळून करणाऱ्या पेशींच्या गटांचे, चार प्रकार दिलेत, अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, आणि त्यात हाड, गादी म्हणजे ती कूर्चा आणि चक्क रक्त हे सगळं एकाच संयोजी ऊतीत! तो म्हणतो, आई, एकाच घरातले आहेत तर एक जुळतं आणि एक जुळत नाही असं कसं? मला सांगता आलं नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या मुलाने जे विचारलंय ना ते बरीच मुलं न विचारताच पाठ करून टाकतात, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

आधी हे एका घरात का. संयोजी ऊतीत पेशी एकमेकींना चिकटून नसतात, लांब लांब असतात आणि मधल्या जागेत पेशींच्या बाहेरचा माल भरलेला असतो, खरा फरक त्या मालाचा. हाडात तो माल कॅल्शियमच्या क्षारांनी घट्ट झालेला, कूर्चेत रबरासारखा आणि रक्तात पातळ, त्यालाच आपण प्लाझ्मा म्हणतो, रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग तोच असतो. म्हणून रक्त पण ह्याच घरातलं, आणि त्याच्या पेशी तयार होतात त्याही हाडाच्या आत, मज्जेत.

मुलाला एक करून दाखवा. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दोन दिवसांनी व्हिनेगर बदला, आठवडाभरात हाड हाताने वाकायला लागतं. आकार तोच राहतो पण कडकपणा गेलेला असतो, कारण क्षार विरघळून जातात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे तेवढे मागे राहतात. पाया सूप फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जेलीसारखं थरथरतं ना, ते पण ह्या कोलॅजेनमुळेच. आणि हाड भिजवायच्या आधी त्याचं टोक नीट बघा, त्यावर पांढरी, निळसर झाक असलेली गुळगुळीत टोपी दिसेल, नखाने दाबली तर किंचित दबते. ती कूर्चा. सासूबाईंच्या गुडघ्यात झिजलीय ती हीच, आपण 'वाट्या झिजल्या' म्हणतो तेव्हा खरं तर वाटीचं हाड नाही तर त्यावरचं हे अस्तर झिजलेलं असतं.

आता जुळण्याचं. हाड वरून दगडासारखं दिसतं पण आतून बारीक बारीक नळ्या गेलेल्या असतात आणि त्यातून रक्तवाहिन्या जातात, त्यामुळे हाड मोडलं की तिथे रक्त साठून गोठतं, त्या गाठीत नव्या पेशी येतात, आधी मोडलेल्या जागी मऊ जोड तयार होतो (गंमत म्हणजे त्यात कूर्चाच बरीच असते) आणि मग त्याचं हाड बनतं. गुडघ्याच्या कूर्चेत रक्तवाहिनीच नाही! तिला जेवण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून झिरपून, चालताना कूर्चा दाबली जाते, सुटते, स्पंजसारखा द्रव आत-बाहेर होतो.

पण मुलगा हुशार आहे तर पुढचं पण विचारेल, की मग चामडीच्या वरच्या थरात, म्हणजे अभिस्तर ऊतीत, तरी कुठे रक्तवाहिन्या असतात? नसतातच. तरी चहाने तोंड भाजलं तर थोड्याच दिवसात बरं होतं. कारण तिथे तळाच्या पेशी सतत विभागत असतात आणि रक्त त्यांच्या खालच्याच थरात असतं, आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसात नवं होतं. कूर्चेच्या पेशी मात्र आपापल्या खळग्यात बंद, मोठ्या माणसात त्या क्वचितच विभागतात, म्हणजे रक्तही नाही आणि नव्या पेशीही नाहीत. म्हणून ती भरून येत नाही.

सासूबाईंसाठी मनापासून सांगते, 'दुखतंय तर बसूनच राहा' असं करू नका. झेपेल तेवढं चालणं हवं, मांडीचा पुढचा स्नायू मजबूत करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी गुडघ्यावरचा भार बराच उतरतो. गादी परत येत नाही पण दुखणं नक्की कमी होऊ शकतं.

प्रश्न : रात्री माझ्या पोटरीची नस चढते, जीव जातो अगदी. ही नस म्हणजे चेता ऊती का? – वाचक, चिपळूण

उत्तर : नाही हो, ती स्नायू ऊती आहे. आपण बोलताना 'नस' आणि 'शीर' हे शब्द रक्तवाहिनी, चेतातंतू (म्हणजे मज्जातंतू), स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सगळ्यालाच वापरतो आणि त्यातून घोळ होतो, डॉक्टरकडे नुसतं 'नस दुखते' म्हटलं तर त्यांना काही कळत नाही. पोटरीत गोळा येतो तेव्हा तिथला ऐच्छिक स्नायू तुम्ही न सांगता आकसतो आणि सुटतच नाही. पाय सरळ करून पंजा हाताने स्वतःकडे ओढा, सुटतो. कंबरेपासून पायापर्यंत मुंग्या, बधिरपणा किंवा करंट मारल्यासारखं होत असेल तर ते चेतेचं असू शकतं, कण्यापासून पावलापर्यंत जाणारा एकेक चेतातंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो आणि कंबरेत दाबला गेला तरी दुखतं पायात.

आणि एकच पोटरी सुजली, गरम लागते, लाल दिसते, दुखणं कमीच होत नाही, असं असेल तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.