गळती, गाळणं आणि 'शाळाबाह्य'

यवतमाळकडच्या एका गुरुजींनी विचारलंय: "अहवालात कोणी 'गळती' लिहितं, कोणी 'शाळाबाह्य'. दोन्ही एकच ना?"

एकच नाहीत. परवा तर एका सभेत 'शाळाबाह्य गळती' ऐकलं नि डोकंच उठलं. शाळाबाह्य ही अवस्था आहे: आज मूल शाळेत नाही, मग ते कधी दाखलच झालेलं नसो की महिन्याहून जास्त सलग गैरहजर असो. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात घरोघरी फिरून, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजली ती ही. गळती म्हणजे गेल्या साली पटावर असलेलं पोर यंदा कुठल्याच पटावर नसणं. ती एका दिवसात मोजता येत नाही, दोन सालचे पट जुळवावे लागतात. शिवाय २०१५ ची मोजणी ६ ते १४ वयाची, म्हणजे नववीतून गेलेला पंधरा वर्षांचा पोरगा तिच्यात नाहीच. युरोपीय संघ शाळा लवकर सोडणारे मोजताना १८ ते २४ वयाचे तरुण बघतो, तिथं असा पोरगा सापडतो.

आता शब्दाकडे. 'गळणे' हे संस्कृत 'गल्'वरून, ठिबकणं-पडणं. काही पुस्तकं गळतीऐवजी 'अपव्यय' लिहितात. इंग्रजी अमदानीतल्या शिक्षणविषयक हार्टोग समितीच्या (१९२९) 'वेस्टेज' या शब्दाचं हे भाषांतर मला मुळीच मान्य नाही. अपव्यय सरकारच्या पैशाचा होत असेल, पोराचा कसा होईल? गळती निदान आपल्या छपराची तरी आहे! वऱ्हाडी माणूस ळचा य करतो, म्हणून छत 'गयते' आणि संत्र्याची फळगळ 'फयगय' होते. हयगयीशी तिचं नातं नाही, नुसता योगायोग, पण काय योगायोग! वरूड-मोर्शीचा बागाइतदार फळगळ झाली की कारण विचारतो: पतंग, बुरशी की पाण्याचा ताण? आपण शाळेत नुसता आकडा लिहितो.

खरी गंमत व्याकरणात आहे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तसं गळणे-गाळणे. 'गळती' म्हटलं की पोर आपोआप पडलं, कर्ता कोणीच नाही. वेचणीच्या दिवसांत पोरीला कापसात नेलं, पुढं नाव कमी झालं, तर क्रियापद गाळणेच. म्हणून माझी सूचना: अहवालात 'गळती'शेजारी 'कोणी गाळलं' असा रकाना करा. तो भरायला गुरुजींना जड जाऊ नये. 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न तेच तर काढतात.